हार्ड डिस्क गेली? नवी डिस्क घालून विंडोज घरच्या घरी परत आणा

मागच्या पावसाळ्यात माझ्या आतेबहिणीचा लॅपटॉप बंद पडला. २०१९ साली घेतलेला, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आत १ टीबीची हार्ड डिस्क. त्याआधीचे पंधरा दिवस तो सुरू व्हायलाच दहा-दहा मिनिटं घेत होता, आतून टिक-टिक ऐकू येत होती, आणि एका सकाळी काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढंच आलं. जवळच्या दुकानात तिला सांगितलं, ‘डिस्क उडाली, नवी टाकू. विंडोज मारायचे पाचशे वेगळे. जुना डेटा विसरा.’ डिस्क उडाली होती हे खरं. पण विंडोजचे पैसे तिने लॅपटॉप घेतानाच भरले होते, आणि डेटाही अजून डिस्कवर होता. आम्ही तो जवळजवळ सगळा उतरवून घेतला.

म्हणून हा लेख. ज्यांनी लॅपटॉपचं झाकण कधी उघडलेलं नाही, त्यांनाही हे काम एका रविवारी जमतं. फक्त क्रम चुकवायचा नाही: आधी जुन्या डिस्कवरचा डेटा, मग नवी डिस्क, मग विंडोज.

खरंच डिस्कच गेली आहे का?

संगणक सुरू करताच एफ२, एफ१० किंवा डिलीट यांपैकी कंपनीनुसार जी असेल ती की भराभर दाबत राहा. बायॉसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ प्रोग्रामचा, पडदा उघडेल. तिथे स्टोरेजच्या माहितीत डिस्कचं नाव आणि क्षमता दिसते का ते बघा. दिसत नसेल तर डिस्क गेली असेल, किंवा नुसती केबल सैल झाली असेल. डेस्कटॉपमध्ये केबल काढून पुन्हा घट्ट बसवल्यावर प्रश्न मिटल्याचं मी अनेकदा पाहिलंय. डिस्क दिसते पण विंडोज उघडत नाही, असं असेल तर डिस्क धडधाकट आणि विंडोज बिघडलेलं असू शकतं. बऱ्याच लॅपटॉपांच्या बायॉसमध्येच हार्ड डिस्कची चाचणी असते, ती चालवा. नापास झाली तर डिस्क बदला.

टिक-टिक किंवा खरखर येत असेल तर मात्र चाचणीच्या भानगडीत न पडता संगणक लगेच बंद करा. आतलं वाचन-टोक तबकडीवरची माहिती नीट वाचू शकत नाहीये, आणि चालू असलेलं प्रत्येक मिनिट नुकसान वाढवत आहे.

आधी जुन्या डिस्कवरचा डेटा

घाईत सगळ्यात जास्त चुका इथे होतात. विंडोज पुन्हा मिळतं, प्रोग्राम पुन्हा मिळतात. मुलीच्या बारशाचे फोटो मिळत नाहीत.

मरायला टेकलेल्या डिस्कवर तीन गोष्टी करू नका. चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन चालवू नका. ते दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कवर लिहायला लागतं आणि तिला आणखी दमवतं. ‘यू नीड टु फॉरमॅट द डिस्क’ असा प्रश्न आला तर कॅन्सल दाबा. आणि डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना सल्ला ऐकू नका. बाहेर काढली की आत दव धरतं आणि उरलीसुरली आशा जाते.

करायचं ते असं. दुसऱ्या चालू संगणकावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू (विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत लिनक्स प्रणाली) उतरवून घ्या आणि रुफस या मोफत प्रोग्रामने पेनड्राइव्हवर चढवा. हे लिनक्स थेट पेनड्राइव्हवरून चालतं, डिस्कवर काही बसवावं लागत नाही. बंद पडलेला लॅपटॉप याच पेनड्राइव्हने सुरू करा (कसा ते पुढे ‘विंडोज बसवणं’च्या पहिल्या पायरीत आहे), बाहेरची यूएसबी डिस्क जोडा, जुनी डिस्क उघडा आणि यूझर्स फोल्डरमधल्या तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये शिरा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स सगळं तिथेच असतं. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटा बहुधा वेगळ्या फोल्डरमध्ये असतो, तो शोधून घ्या.

एकदम सगळं निवडून कॉपी करू नका. लहान आणि मोलाचं आधी: कागदपत्रं, हिशेब, मग फोटो. चित्रपट आणि गाणी शेवटी, नाहीतर सोडूनच द्या. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर ती वगळून पुढे जा. आतेबहिणीच्या डिस्कवर नेमका एका लग्नाच्या व्हिडिओवर खोळंबा व्हायचा. तो बाजूला ठेवल्यावर बाकीचं पावणेदोन तासांत उतरलं.

डिस्क फारच अडखळत असेल तर लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू नावाचं साधन आहे. ते अख्ख्या डिस्कची नक्कल करतं. आधी चांगला भाग उतरवतं, अडलेल्या जागा एका नकाशा-फाइलमध्ये टिपून ठेवतं आणि त्यांच्याकडे शेवटी वळतं. मध्येच वीज गेली तर त्याच नकाशावरून काम पुढे सुरू होतं. त्यासाठी जुन्या डिस्कएवढी किंवा मोठी रिकामी डिस्क लागते. आज्ञा लिहिताना आधी जुन्या डिस्कचं नाव, मग नव्या डिस्कचं. हा क्रम उलटा झाला तर रिकामी डिस्क जुन्या डेटावर लिहिली जाते, तेव्हा एंटर दाबण्यापूर्वी दोनदा वाचा.

डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडायची असेल तर सॅटा-टू-यूएसबी केबल किंवा केसिंग (डिस्क बसवायची यूएसबीची पेटी) घ्या. सॅटा म्हणजे डिस्क संगणकाच्या आत जोडायची पद्धत. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, म्हणून वेगळा अडॅप्टर असलेलीच केबल हवी.

जुनी डिस्क ४८ आकड्यांची बिटलॉकर (डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की मागू लागली तर घाबरू नका. लॅपटॉपवर ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं होतं, त्याच अकाउंटच्या वेबसाइटवर डिव्हाइसच्या माहितीत ती की बहुधा साठवलेली असते.

डिस्क बायॉसमध्ये दिसतच नसेल किंवा सतत टकटक करत असेल, आणि आतला डेटा अमूल्य असेल, तर घरी प्रयोग न करता ती बंद ठेवा आणि क्लीन रूम (डिस्क उघडायची धूळमुक्त खोली) असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. खर्च मोठा असतो, तो किती होईल हे आधी लेखी घ्या.

कोणती डिस्क घ्यायची

विंडोज ज्यावर बसणार ती एसएसडीच, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपांची डिस्कच, घ्या. लॅपटॉपची फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी वाचते, साधी सॅटा एसएसडी पाचशेच्या वर. २०१९ च्या त्या लॅपटॉपला आम्ही ५०० जीबीची एसएसडी घातली आणि सुरू व्हायचा वेळ अर्ध्या मिनिटाच्या आत आला.

जुनी डिस्क अडीच इंची असेल तर अडीच इंची सॅटा एसएसडी थेट तिच्या जागी बसते. नव्या लॅपटॉपात च्युइंगमच्या पट्टीएवढी एम.२ डिस्क असते, बहुतेक वेळा २२८० मापाची, म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. एम.२ मध्ये सॅटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत आणि प्रत्येक खाच दोन्ही घेतेच असं नाही. म्हणून खरेदीपूर्वी मॉडेल नंबर टाकून कंपनीचं मॅन्युअल बघा, किंवा जुनी डिस्कच दुकानात घेऊन जा.

विंडोज तुमचंच आहे

२०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून कंपन्या लॅपटॉपच्या विंडोजची प्रॉडक्ट की (लायसन्सचा नंबर) मदरबोर्डवरच्या, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट-पाटीवरच्या, चिपमध्येच लिहून पाठवतात. विंडोज १० आणि ११ चं डिजिटल लायसन्सही मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्कशी नाही. डिस्क बदलली तरी लायसन्स जागेवरच राहतं. विंडोजची फाइलही मायक्रोसॉफ्टच्या साइटवर मोफत मिळते. मग दुकानात पैसे कशाचे देता? त्यांच्या वेळेचे आणि हाताच्या कसबाचे जरूर द्या, ती मेहनत आहे. विंडोजचे देऊ नका.

जे मला खरंच सलतं ते वेगळंच. गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपमध्ये अस्सल होम आवृत्तीचं लायसन्स असतं, आणि दुकानात त्यावर क्रॅक केलेली, म्हणजे लायसन्सशिवाय चोरून चालवलेली, प्रो आवृत्ती मारून देतात. क्रॅक चालवायला अँटिव्हायरस बंद करावा लागतो. त्या क्रॅकमधून संगणकात काय शिरलं ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि माणूस त्याच संगणकावर बँकेचे व्यवहार करतो. शिवाय होमचं लायसन्स प्रोला लागू होत नाही, त्यामुळे अस्सल विंडोज असूनही ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ची ओळ कोपऱ्यात येऊन बसते. भारतात विकल्या जाणाऱ्या पुष्कळ लॅपटॉपांवर ‘होम सिंगल लँग्वेज’ आवृत्ती असते. तुमची जी होती तीच पुन्हा बसवा.

अपवाद दोन. मदरबोर्डच बदलला असेल तर हे लागू नाही. आणि विंडोज ७ च्या काळातली, स्टिकरवरची की आता नव्या विंडोजला चालत नाही. मायक्रोसॉफ्टने तो मार्ग सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला.

कोणतं विंडोज? विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट (सुरक्षेचे अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा शक्य असेल तर ११ बसवा. त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यापेक्षा जुना संगणक असेल आणि त्यावर फक्त ब्राउझर, मेल, लिखाण एवढंच होत असेल, तर लिनक्स मिंट कायमचंच ठेवायचा विचार करा. ४ जीबी रॅमवर ते चांगलं चालतं.

पेनड्राइव्ह तयार करणं

लागतं ते एवढंच: एक चालू संगणक, ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह, आणि पाच जीबीच्या वर डेटा उतरवता येईल असं इंटरनेट. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करणार असाल तर दिवसाचा कोटा बघून ठेवा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ डाउनलोडच्या पानावरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, चालवा, यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह निवडा आणि काम होऊ द्या. एवढं झाल्यावर त्याच पेनड्राइव्हवर एक फोल्डर करून लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचे वायफायचे आणि स्टोरेजचे ड्रायव्हर (विंडोजला तो तो भाग चालवायला लागणारे छोटे प्रोग्राम) ठेवा. पुढे याची गरज का पडते ते सांगतो.

डेल, एचपी, लिनोवो या कंपन्या मॉडेल किंवा सिरियल नंबरवरून कारखान्यातून आला तसा विंडोजचा रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवायची सोयही देतात. ड्रायव्हर आपोआप येतात, हा फायदा. मला स्वतःला कोरं विंडोज आवडतं, कारण त्यात ट्रायल प्रोग्रामांचा पसारा नसतो. सुरुवातीलाच एक की दाबून ‘फॅक्टरी रिसेट’ होईल ही आशा मात्र सोडा. तो रिकव्हरीचा कप्पा (पार्टिशन) जुन्या डिस्कवरच होता.

डिस्क बदलणं

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. बॅटरी सुटी होत असेल तर काढा, आत असेल तर झाकण उघडल्यावर आधी तिचा कनेक्टर सोडवा. मग पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा.

स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर वरून कीबोर्डपाशी फुगवटा येतो. काही स्क्रू रबराच्या पायांखाली दडलेले असतात. झाकण अडलं तर जोर लावण्याआधी ते पाय तपासा.

अडीच इंची डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत असते. तिचे चार स्क्रू काढून नवी डिस्क त्याच चौकटीत बसवा. सॅटाचा कनेक्टर इंग्रजी एल आकाराचा असल्याने उलटा जात नाही. एम.२ डिस्क तिरकी आत सरकवा, हलकेच खाली दाबा आणि टोकाचा छोटा स्क्रू लावा. डेस्कटॉपमध्ये आणखी डिस्क असतील तर विंडोज बसेपर्यंत त्यांच्या केबल काढून ठेवा. नाहीतर विंडोज एका डिस्कवर आणि सुरू होण्याच्या फाइली दुसरीवर असा गुंता होतो, आणि पुढे ती दुसरी डिस्क काढली की संगणक उघडतच नाही.

झाकण पूर्ण आवळण्यापूर्वी बॅटरी जोडून बायॉसमध्ये नवी डिस्क दिसते का बघा. तिथली तारीखही तपासा. बायॉसचा सेल संपून तारीख मागे गेली असेल तर पुढे वेबसाइट उघडायला आणि ॲक्टिव्हेशनला अडथळा येतो.

विंडोज बसवणं

१. पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करा आणि बूट मेनूची की दाबा. डेल आणि लिनोवोला एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरला एफ१२, पण आधी बायॉसमध्ये ती सोय चालू करावी लागू शकते. यादीत पेनड्राइव्हच्या नावाआधी यूईएफआय असेल ती ओळ निवडा.

२. भाषा आणि कीबोर्ड निवडा, मग विंडोज ११ बसवण्याचा पर्याय. ‘सगळं पुसलं जाईल हे मान्य आहे’ अशा अर्थाची चौकट येते. नवी डिस्क कोरीच आहे, खूण करून पुढे जा. मात्र जुनी डिस्क अजून जोडलेली असेल तर इथेच थांबा, संगणक बंद करा आणि ती काढा.

३. प्रॉडक्ट की विचारली तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडा. चिपमधली की सापडली तर आवृत्ती आपोआप ठरते. आवृत्त्यांची यादी आलीच तर तुमची आधीची निवडा.

४. डिस्कच्या यादीत ‘अनॲलोकेटेड स्पेस’ दिसेल. ती निवडून नेक्स्ट दाबा. कप्पे स्वतः पाडत बसू नका, लागणारे छोटे कप्पे विंडोज स्वतः करतं. वापरलेली डिस्क घातली असेल आणि ‘एमबीआर’ची (कप्प्यांच्या जुन्या नोंदपद्धतीची) तक्रार आली तर तिच्यावरचे सगळे कप्पे डिलीट करून ती कोरी करा.

५. फाइली उतरून पहिल्यांदा रीस्टार्ट झालं की पेनड्राइव्ह काढा. नाहीतर सेटअप पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल आणि काम झालंच नाही असं वाटेल.

चौथ्या पायरीवर यादी पूर्ण रिकामी दिसते, असं इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपांवर पुष्कळदा होतं. माणूस नवी डिस्क खराब निघाली म्हणून दुकानात परत जातो, पण डिस्क ठणठणीत असते. व्हीएमडी नावाच्या नियंत्रकामागे ती असते आणि विंडोजच्या सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. ‘लोड ड्रायव्हर’ दाबा आणि पेनड्राइव्हवर ठेवलेला इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर दाखवा. तो सेटअपच्या एका फाइलच्या रूपात असेल तर आधी उलगडून फोल्डर करून ठेवावा लागतो.

इमेज करून ठेवली असेल तर

डिस्क जाण्याआधी विंडोजची सिस्टिम इमेज, म्हणजे विंडोजसकट सगळ्याची नक्कल, बाहेरच्या डिस्कवर घेतली असेल तर नशीबवान आहात. प्रोग्राम आणि सेटिंगसकट सगळं परत येतं. पेनड्राइव्हने सुरू करून ‘रिपेअर’, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि सिस्टिम इमेज रिकव्हरी असं जा. इमेजचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर सगळ्यात वरच्या पातळीला असायला हवं. आणि नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. १ टीबीच्या डिस्कची इमेज ५०० जीबीच्या एसएसडीवर चढत नाही, मग आत डेटा शंभरच जीबी का असेना.

विंडोज उघडल्यावर

पहिल्या सेटिंगमध्ये इंटरनेट मागतं आणि वायफाय दिसत नाही, असं होऊ शकतं. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा लगेच नेट मिळतं. नाहीच मिळालं तर पेनड्राइव्हवरचा वायफाय ड्रायव्हर आहेच.

मग विंडोज अपडेट चालवा, रीस्टार्ट करा, पुन्हा चालवा. दोन-तीन फेऱ्या लागतात. ऑप्शनल अपडेट्समध्ये ड्रायव्हर असतात तेही घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण उरली असेल तर तेवढाच ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून आणा. सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन इथे ‘ॲक्टिव्ह’ दिसलं की लायसन्सची चिंता मिटली. लॅपटॉपसोबत ऑफिस आलं असेल तर ते मायक्रोसॉफ्ट अकाउंटला बांधलेलं असतं. कोणत्या ईमेलने ते सुरू केलं होतं हे आठवा. त्याच अकाउंटमधून ते पुन्हा उतरवता येतं.

नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केल्यावर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होऊ शकतं. सेटिंग्जच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये बघा. चालू असेल तर ४८ आकड्यांची की कागदावर उतरवून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट तर आहेच, पण ज्यांना रोमन अक्षरांतून टाइप करायची सवय आहे त्यांच्यासाठी २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्डही विंडोजमध्येच मिळतो. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदला. दुसरी गोष्ट जुन्या फाइलींची. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी असल्या युनिकोडपूर्व फाँटमधली पत्रं, पत्रिका, सोसायटीची इतिवृत्तं नव्या विंडोजवर उघडली की अगम्य अक्षरांचा ढीग दिसतो. फाइल बिघडलेली नाही, फक्त फाँट नाही. म्हणून जुन्या डिस्कवरच्या विंडोज फोल्डरमधला फाँट्स हा फोल्डरही डेटाबरोबर उतरवून घ्या आणि त्यातला हवा तो फाँट नव्या विंडोजवर बसवा. आतेबहिणीच्या वडिलांची दहा वर्षांची भजनी मंडळाची वही अशीच परत वाचता आली.

जुन्या डिस्कचं काय करायचं

डेटा नीट उघडतो आहे याची खात्री होईपर्यंत, निदान महिनाभर, ती पुसू नका. वॉरंटीत असेल तर बदलून देताना कंपनी जुनी डिस्क ठेवून घेते, म्हणजे त्यावरचं सगळं तिच्याकडे जातं. बँकेची कागदपत्रं असतील तर हा व्यवहार करायचा की नाही ते ठरवा. वॉरंटी नसेल आणि डिस्क चालत असेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून ती पूर्ण शून्यांनी पुसा. चालतच नसेल तर ड्रिलने आरपार दोन-तीन भोकं पाडा. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी पुष्कळदा काचेची असते आणि फुटून उडते, तेव्हा डोळ्यांना संरक्षक चष्मा लावूनच ड्रिल चालवा. उरलेले तुकडे भंगारात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.